रांगतं बाळ आणि खालची कपाटं: लॉक कुठे, कोणतं, कसं

उष्टावण आटोपलं आणि बाळ पोटावर सरकायला लागलं, की घरातला प्रत्येक जण मोबाइल काढून व्हिडिओ करत बसतो. कपाटांना लॉक आणायची वेळ खरं तर तीच. सात-आठ महिन्यांचं बाळ रांगायला लागतं, नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पडलेला शेंगदाणा उचलतं, आणि दहाव्या-अकराव्या महिन्यात ट्रॉलीचं हँडल धरून उभं राहतं. तोल मागे गेला की ट्रॉली आपोआप बाहेर येते. त्याला ती उघडायची नव्हतीच, पण आता आत काय आहे ते दिसलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम तिथे जातं.

थोरलीच्या वेळी मी बारा लॉकचं पाकीट ऑनलाइन मागवलं, एका रविवारी दिसेल त्या दाराला चिकटवलं आणि निर्धास्त झाले. बुधवारी गॅसशेजारच्या ट्रॉलीचं लॉक आमच्या कन्येच्या हातात होतं, पट्टीसकट, टेपसकट. ती ते चावत बसली होती. उरलेल्या अकरांपैकी सात आम्हीच पंधरा दिवसांत कंटाळून उघडी ठेवायला लागलो, कारण कांदे-बटाटे काढायलाही लॉक उघडावं लागत होतं. धाकट्याच्या वेळी घरात फक्त पाच लॉक लावली. पाचही अजून जागेवर आहेत आणि पाचही बंद असतात. हा लेख त्या बारापासून पाचापर्यंतच्या प्रवासाचा आहे.

आपल्याकडे ही कल्पना तशी नवीन नाही. जुन्या घरात दुभत्याचं कपाट असायचं. त्याला जाळी आणि अगदी वरच्या टोकाला कडी. कडी मांजरासाठी, पण पोरांनाही ती पुरायची नाही. आज आपली सगळी साठवण ओट्याखाली उतरली आहे आणि हँडल नेमकी बाळाच्या छातीच्या उंचीवर. घोळ तिथे आहे.

आधी उपसा

लॉक विकत घ्यायच्या आधी एक दुपार काढा आणि गुडघ्यांवर बसून घरभर फिरा. हातात मेजपट्टी घ्या. वर्षाचं मूल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं, दोन वर्षांचं ८५-८८. स्वयंपाकघराचा ओटा बहुतेक घरांत ८० ते ८६ सेंटिमीटरवर असतो. म्हणजे वर्षाच्या मुलाने हात वर केला की बोटं ओट्याच्या कडेला टेकतात. पाट किंवा डबा ओढून त्यावर चढायची अक्कल दीड-दोन वर्षांत येते. तेव्हा ‘ओट्यावर ठेवलंय’ ही काही सुरक्षित जागा नव्हे.

सिंकखालचं शटर उघडा. फिनाइल, संडास साफ करायचं अॅसिड, तुंबलेली मोरी मोकळी करायचे कॉस्टिक सोड्याचे दाणे, कपड्यांचं डिटर्जंट, झुरळांचं औषध, डासांच्या मशीनची रिफिल. हे सगळं बाहेर काढून पलीकडच्या माळ्यावर किंवा वरच्या भिंतीकपाटात न्या. सिंकखाली फक्त घासणी, रिकामी बादली आणि फडकी राहू द्या. लॉक लावायचंच, पण लॉक तुटलं तरी आत फडकंच सापडलं पाहिजे, या हिशोबाने.

इथे एक गोष्ट मला जरा जोर देऊन सांगायची आहे. दारावर येणारा फिनाइलवाला थंड पेयाच्या जुन्या बाटलीत पांढरं फिनाइल किंवा अॅसिड भरून देतो, आणि आपण स्वस्त पडतं म्हणून घेतो. ती बाटली मुलाने ओळखीची मानली तर त्यात त्याची चूक काय? घरातली मोठी माणसंही अंधारात अशा बाटलीला तोंड लावून बसलेली आहेत. तसलं काही घरात असेल तर लॉकच्या आधी ते जाऊ द्या. मूळ बाटलीत, मूळ लेबलसकट जे येतं तेच ठेवायचं. उद्या वेळ आलीच तर डॉक्टरांना ते लेबलच वाचायचं असतं.

आता स्वयंपाकघर सोडून आत चला, कारण खरी मजा पुढे आहे.

देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर. पाहुण्यांना दाखवताना आपण म्हणतो ‘यात पूजेचं सामान’. त्या सामानात कापूर असतो, काडेपेटी असते. कापूर वासाला गोड, पांढरा, वडीसारखा. लहान मुलाच्या पोटात तो थोडासा गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. मला हे थोरलीच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि घरी येऊन पहिला ड्रॉवर मी तोच रिकामा केला. कपड्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्याही त्याच पंक्तीतल्या. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी फुटायला लागतात. आपलं मूल त्यातलं आहे की नाही हे आपल्याला आधी कळलेलं नसतं.

आजोबांची चंची. सुपारीचा तुकडा घशात अडकतो हे सगळ्यांना समजतं, चुन्याचं मात्र लक्षात येत नाही. चुन्याची प्लास्टिकची पुडी मुलाने दाबली की ती फुटून चुना सरळ डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजतं. आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना हा अपघात चांगला परिचयाचा आहे. असं झालं तर डॉक्टरांकडे पळायच्या आधी नळाखाली डोळा धुवायला लागा, किमान पंधरा-वीस मिनिटं, पापणी उलटून चुन्याचे कण काढत. चंची शर्टाच्या खिशात किंवा उंच खुंटीवर, उशाच्या ड्रॉवरमध्ये नाही.

उशाच्या ड्रॉवरवरून आठवलं: औषधं. आजीच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या, बाळंतपणातल्या उरलेल्या लोहाच्या गोळ्या. लोहाची गोळी लाल, चकचकीत, थेट चॉकलेटच्या गोळीसारखी. ‘टॉनिकच आहे’ असं वाटतं, पण चार-सहा गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. लोखंडी कपाट असेल तर त्याच्या आतल्या लॉकरमध्ये औषधं ठेवा. दागिने बँकेत असले तरी चालतील, औषधं घरच्या लॉकरमध्ये हवीत. त्याला किल्ली आहे, आणि या कामात किल्लीच्या कुलपाला तोड नाही.

आणि रिमोट, वजनकाटा, गाणारी शुभेच्छापत्रं यांतल्या बटणासारख्या गोल बॅटऱ्या. नवीन-जुन्या सगळ्या एका डबीत, डबी वर. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत आतून भाजायला लागते.

विळी, अडकित्ता, मिक्सरची पाती यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. वर.

किती लॉक?

एवढं उपसल्यावर घराकडे पुन्हा बघा. धोक्याचं सामान वर गेलं, तर लॉकची गरज असलेली दारं हाताच्या बोटांवर येतात. आमची पाच अशी: सिंकखालचं शटर, सुऱ्या-चमच्यांची ट्रॉली, काचेच्या बरण्यांची खोल ट्रॉली, बाथरूममधलं छोटं कपाट आणि देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर. रिकामा केला तरी तो ड्रॉवर लावला, कारण सणावाराला कापूर परत तिथेच जाणार हे मला ठाऊक आहे.

एक ट्रॉली मुद्दाम उघडी सोडा. स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे, लाकडी डाव, चाळणी. झाकणं मोठी असावीत, बारीक काही नसावं, आणि आत काचेचं काहीच नको. मुलाला एक दार स्वतःचं मिळालं की बाकीच्या दारांवरचा त्याचा रोख बराच कमी होतो. स्वयंपाक करताना पाठीमागे वाट्यांचा जो काही गोंगाट चालतो तो सोसावा लागतो, पण गोंगाट आहे तोवर मूल कुठे आहे हे बघावं लागत नाही. शांतता झाली की मात्र वळून बघायचं.

गॅस सिलिंडरच्या कप्प्याचा विचार वेगळा करा. रेग्युलेटरशी मुलाने खेळू नये हे खरं, पण गळती झाली तर तुम्हाला तो दोन सेकंदांत बंद करता आला पाहिजे. म्हणून तिथे चुंबकाची किल्ली शोधावी लागेल असं लॉक लावायचं नाही. मोठ्या माणसाला एका हाताने, अंधारातही उघडता येईल असंच हवं. आणि त्या शटरला खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं असतील तर त्यावर लॉकची पट्टी, कार्डबोर्ड, काहीही चिकटवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, आणि ती भोकं त्याला बाहेर जायला ठेवलेली असतात.

बाजारात काय मिळतं

पट्ट्याचं लॉक सर्वांत जास्त खपतं. दोन चिकट चकत्या आणि मध्ये लवचीक पट्टा, एका टोकाला दाबायची कळ. शटर, फ्रिज, ड्रॉवर सगळ्याला चालतं, भोक पाडावं लागत नाही, भाड्याच्या घरात सोयीचं. तोटा म्हणजे ते बाहेर दिसतं. मूल रोज तुमची बोटं कळ कशी दाबतात ते बघतं आणि दोन-अडीच वर्षांचं झालं की तेही दाबतं. काही मुलं आधीच.

चुंबकाचं लॉक आतून बसतं, बाहेर काहीच दिसत नाही. चुंबकाची किल्ली शटरवर नेमक्या जागी टेकवली की आतली खिटी सरकते. विषारी, धारदार वस्तूंच्या दाराला मी हेच सुचवीन. मात्र घेण्याआधी शटरची जाडी मोजा. आपल्याकडे १८-१९ मिलिमीटरचा प्लाय आणि वर सनमायका धरून शटर सुमारे २० मिलिमीटरचं होतं. खोक्यावर लिहिलेली मर्यादा त्याहून जास्त हवी. लोखंडी पत्र्याच्या दारातून चुंबकाची ओढ पलीकडे नीट पोचत नाही. अॅल्युमिनियम सेक्शनच्या शटरमधून पोचते, पण तिथे चौकट इतकी अरुंद असते की लॉक बसवायला जागा नसते.

स्प्रिंगची खिटी स्क्रूने आत बसते, स्वस्त आणि टिकाऊ. शटर बोटभर उघडतं, मग बोट आत घालून खिटी खाली दाबायची. अडचण त्या बोटभर फटीचीच आहे. मूलही तिथे बोट घालतं आणि दुसऱ्या हाताने दार ढकलतं. आमच्या शेजारच्यांनी आठवड्यात काढून टाकली.

घोड्याच्या नालासारखं सरकतं लॉक दोन हँडलांमध्ये अडकवतात. चिकटवायचं नाही, ठोकायचं नाही, प्रवासात पिशवीत टाकून नेता येतं. त्याला जोडीची शटर आणि शेजारी-शेजारी हँडल लागतात. हँडलच नसलेल्या नव्या ट्रॉल्यांना ते निरुपयोगी.

शेवटी हार्डवेअरच्या दुकानातली साधी कडी. बाथरूमच्या दाराला बाहेरून, तुमच्या खांद्याच्या उंचीवर ती हवीच. बाथरूममधल्या कपाटापेक्षा भरलेली बादली जास्त वाईट, कारण थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. आणि दाराला कडी लावली की आतल्या कपाटाच्या लॉकवरचा भार हलका होतो.

घरगुती तोडगे? दोन उभ्या हँडलांतून लाटणं आडवं घालणं हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. एका संध्याकाळपुरता चालतो, पोळ्या करायच्या वेळी निघतो आणि परत जात नाही. हँडलांना रबरबँड मात्र लावू नका. तुटतो, आणि तुकडा थेट तोंडात जातो.

लॉक कितीही महागडं असलं तरी ते मुलाला फक्त उशीर करतं, हे डोक्यात पक्कं असू द्या. अमेरिकेत १९७० साली औषधांच्या बाटल्यांना मुलांना न उघडणारी झाकणं लावायचा कायदा झाला. त्या झाकणांची चाचणी साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांवर घेतात. आधी पाच मिनिटं त्यांची त्यांना, मग उघडून दाखवून आणखी पाच मिनिटं. दहा मिनिटांनंतर १०० पैकी ८० मुलांना झाकण उघडता आलं नाही तर ते पास! उरलेल्या वीस जणांनी उघडलेलं असू शकतं. चार वर्षांची ती वीस मुलं बहुधा आमच्या कन्येसारखी असावीत.

पट्ट्याचं लॉक निघू नये म्हणून

माझं पहिलं लॉक निघालं त्याचं कारण लॉक नव्हतं, तेल होतं. आपल्या स्वयंपाकघरात रोज फोडणी होते. गॅसच्या आजूबाजूच्या सनमायकावर डोळ्यांना न दिसणारा चिकट थर असतो. नखाने ओरखडा काढून बघा, नखात पिवळट मेण येईल. टेप त्या मेणाला चिकटते, सनमायकाला नाही.

म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने जागा धुवा, स्वच्छ ओल्या फडक्याने दोनदा पुसा, पूर्ण वाळू द्या. मग केमिस्टकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा. हाताचं जेल सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं आणि परत बुळबुळीत थर बसतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, चकचकीत अॅक्रिलिक शटरवर त्याचा कायमचा डाग पडतो.

जागा ठरवताना आधी कागदी टेपने लॉक तात्पुरतं लावून बघा. पट्टा ताणून बसवायचा नाही, पण एवढाही सैल नको की फटीतून बाळाचा पंजा जाईल. मग मागचा कागद काढा, बोट न लावता चकती टेकवा आणि अंगठ्याने अर्धा मिनिट जोरात दाबा. आणि सोडून द्या. बहुतेक लोक इथेच चुकतात. लावल्या लावल्या ‘बघू बसलं का’ म्हणून ओढतात. चांगली अॅक्रिलिक टेप पहिल्या वीस मिनिटांत साधारण निम्मीच पकड धरते, २४ तासांत जवळपास सगळी, आणि पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. शुक्रवारी रात्री लावलं तर सोमवारी रात्रीपर्यंत त्या ट्रॉलीला हात लावायचा नाही. रोजच्या लागणाऱ्या वस्तू आधीच बाहेर काढून ठेवा.

खडबडीत, लाकडाच्या रेषा उमटवलेला सनमायका असेल तर टेप फक्त उंचवट्यांना चिकटते. तिथे स्क्रूचं लॉक घ्या. ग्रॅनाइटच्या वरच्या चकचकीत कडेला टेप छान धरते. स्लॅबच्या खालच्या अंगाला नाही, कारण तो भाग पॉलिश केलेला नसतो.

आणखी एक फसगत: शेजारच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना पट्ट्याने बांधायच्या नाहीत. मूल एक ओढतं, दोन्ही बाहेर येतात. पट्ट्याचं एक टोक न हलणाऱ्या भागावर हवं, म्हणजे बाजूचा पॅनल किंवा ओट्याची कड.

चुंबकाचं लॉक बसवताना

पाकिटात तीन गोष्टी असतात: चुंबकाने हलणारी खिटी, ती अडकायची खाच आणि किल्ली. चांगल्या पाकिटात एक प्लास्टिकचा साचाही असतो. तो फेकू नका, सगळी करामत त्याचीच आहे. खिटी शटरच्या आतल्या बाजूला जाते, खाच कपाटाच्या न हलणाऱ्या अंगाला. दोन्हींची पातळी तीन-चार मिलिमीटरने जरी चुकली तरी खिटी नुसती घासते आणि अडकत नाही.

शटर उघडा. बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे दार जिथून उघडतं तिथे, वरून चार बोटं खाली जागा धरा. बाजूच्या पॅनलचा आतला कोपरा त्याच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खिटी आणि खाच दोन्ही साच्यात अडकवा, आधी खाचेचा कागद काढून ती पॅनलवर दाबा. साचा तसाच राहू द्या. आता खिटीच्या मागचा कागद काढा आणि शटर हळूच, पण सरळ बंद करून बाहेरून तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा. खिटी आपोआप शटरच्या आतल्या बाजूला योग्य जागी चिकटते. शटर उघडून साचा काढून घ्या. चुंबकाच्या खिटीवर एक बारीक बटण असतं. ते बंद स्थितीत ठेवून २४ तास थांबा, मग चालू करा.

चिकटवण्यावर विसंबायचं नसेल तर बरोबर आलेले स्क्रू मारा. जागा आधी टेपने पक्की झाली की सुताराला बोलावायची गरज नाही, पण हे एक बघाच: स्क्रूची लांबी शटरच्या जाडीपेक्षा कमी आहे ना? आमच्याकडे ज्यांना बोलावलं होतं त्यांनी २५ मिलिमीटरचा स्क्रू २० मिलिमीटरच्या शटरला मारला. सनमायकावर बाहेरून आलेलं ते टोक आम्ही फुलाच्या स्टिकरखाली लपवलं आहे. पाहुणे विचारतात, फूल एकच का?

सॉफ्ट-क्लोज बिजागरी असेल तर दार अगदी हळू येऊन टेकतं आणि कधी कधी खिटी अडकतच नाही. शेवटी हाताने दाबून ‘टक्’ ऐकायची सवय लावा.

किल्ली कुठे ठेवायची? सगळे फ्रिजवर चिकटवतात, ते बरोबर, पण फ्रिजच्या वरच्या टोकाला, बाजूच्या अंगाला. चिमणीवर ठेवायला जाल तर बरेचदा खाली पडेल, कारण चांगल्या स्टेनलेस स्टीलला चुंबक धरत नाही. दुसरी किल्ली पाकिटातच असते, ती आजीच्या खोलीत. आणि ती मुलाला खेळायला कधीच द्यायची नाही, ‘जरा वेळ’सुद्धा नाही. एकदा त्याला किल्ली आणि दार यांचं नातं कळलं की खेळ संपला.

ड्रॉवरचा जिना

ड्रॉवरच्या उंच कपाटाला लॉक लावताना नुसत्या आतल्या सामानाचा विचार करू नका. खालचे दोन ड्रॉवर उघडले की मुलासाठी तो जिना होतो. ते चढतं, आणि कपाट अंगावर येतं. याच कारणाने २०१६ साली एका बड्या फर्निचर कंपनीने अमेरिकेत कोट्यवधी ड्रॉवर-कपाटं परत मागवली होती. म्हणून असं कपाट भिंतीला बांधायचंच. वरच्या मागच्या बाजूला दोन एल-पट्ट्या, भिंतीत भोक पाडून गट्टी, मग स्क्रू. नव्या इमारतीत भिंती राखाडी, हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात साधी गट्टी फिरते आणि सैल होते. दुकानदाराला तसं सांगून त्या ब्लॉकसाठीची वेगळी गट्टी मागा. बांधून झाल्यावर मग ड्रॉवरला लॉक.

घरातली माणसं

आमच्या सासूबाईंना पहिलं पट्ट्याचं लॉक उघडता यायचं नाही. अंगठ्यात तेवढी ताकद नाही, आणि कळ दोन्ही बाजूंनी दाबायची होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी सरळ ते लावणंच बंद केलं. मला कळलं ते महिन्याभराने. तेव्हा लॉक विकत घेण्याआधी एक नमुना आणा, घरात ज्याचे हात सर्वांत कमजोर आहेत त्याच्या हातात द्या, आणि त्याला न अडखळता उघडता येत असेल तरच बाकीचे आणा. कामाच्या मावशींनाही स्वतः उभं राहून दाखवा. भांडी लावून झाली की त्या ट्रॉली ढकलून देतात आणि पुढच्या घरी पळतात, त्यांना ‘टक्’चा आवाज ऐकायला सांगणं हे आपलं काम आहे.

दर रविवारी पाचही दारं मोठ्या माणसाच्या जोराने ओढून बघा. पावसाळ्यात दोनदा बघा. प्लाय फुगतो, शटर खाली उतरतं आणि काल अडकणारी खिटी आज चुकते. २०१२ साली अमेरिकेत मुलांना सहज उघडता येणारी लाखो कपाट-लॉक परत मागवावी लागली होती, तेव्हा पाकिटावरच्या शब्दांपेक्षा स्वतःच्या ओढीवर विश्वास ठेवलेला बरा.

आजोळी किंवा गावी गेलात की यातलं काहीच नसतं. तिथे पोचल्या पोचल्या, चहाच्या आधी, एक पिशवी मागून घ्या. सिंकखालचं, उशाचं, देव्हाऱ्यातलं त्या पिशवीत भरा आणि फळीवर ठेवा. आजी रागावतात, पण अर्ध्या तासापुरत्याच.

तरीही काही पोटात गेलंच तर

उलटी काढायची नाही. मिठाचं पाणी पाजायचं नाही. अॅसिड, कॉस्टिक सोडा, रॉकेल यांत तर मुळीच नाही. जे जाताना भाजतं ते परत येतानाही भाजतं, आणि रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात शिरतं. तोंडात उरलेलं बोटाने काढा, बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, तो फ्रिजवर, किल्लीशेजारी चिकटवून ठेवा. बॅटरी गिळल्याची नुसती शंका असली तरी एक्स-रे होईपर्यंत घरी थांबायचं नाही.

लॉक काढताना

साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी, मूल ‘हे विषारी आहे’ हे ऐकून समजून घ्यायला लागलं की पट्टे काढता येतात. औषधांचं कुलूप मात्र राहू द्या. चकती उपटायची नाही, सनमायकाचा पापुद्रा निघतो. केस वाळवायच्या ड्रायरने मिनिटभर गरम हवा मारा, मग दात साफ करायचा दोरा चकतीच्या मागे घालून करवतीसारखा मागेपुढे ओढा. मागे उरलेल्या चिकट थरावर खोबरेल तेल चोपडून तासभर ठेवा आणि जुन्या बँक कार्डाच्या कडेने खरवडा. मग साबणाचं पाणी. चार वर्षं झाकला गेलेला सनमायका आजूबाजूपेक्षा थोडा गडद दिसतो. तो गोल वर्षभरात उन्हाने जुळून येतो. आमच्या आधीच्या घराच्या मालकांना तेवढा धीर नव्हता, डिपॉझिट परत देताना त्यांनी सात गोल मोजले.